गोष्ट संपली की पाणी

शेतात निंदण करताना ऐकायला फोनवर पॉडकास्टचं कोणतं ॲप ठेवावं, यासाठी मी आठवडाभर डोकं लावलं. तीन ॲप टाकून पाहिली आणि जानेफळच्या शिवारात आमच्या सहा जणींसमोर चक्क भाषण ठोकलं. रुखमाबाईंनी ते मध्येच तोडलं.

"ते राहू दे वं, प्रेरणा. गोष्ट संपली की आपोआप बंद होते, असं कोणतं हाय?"

"हे एकच. बाकीच्यांत लगेच दुसरी सुरू होते."

"मंग हेच ठेव."

माझी सगळी मेहनत पाण्यात! पण कारण होतं. शेतमालक किसनरावांनी कबूल केलं होतं, गोष्ट संपली की पाणी प्यायचं, कंबर सरळ करायची. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मधल्या ओळीतल्या रुखमाबाईंच्या गळ्यात फोन अडकवला.

चौथ्या दिवशी किसनराव बांधावर आले.

"काय वं पोरी, गोष्टी इतक्या लवकर काऊन संपून राह्यल्या? अन् हे फोनातली बाई एवढ्या घाईनं काऊन बोलते?"

मी फोन पाहिला. वेग दीडपट होता. मी तर त्याला हात लावला नव्हता.

"मले काय मालूम, भाऊ," रुखमाबाई गवत उपटत म्हणाल्या. "मले त फोन उचलताही येत नाही."

डोकं खाजवत किसनराव परत गेले. मी रुखमाबाईंकडे रोखून पाहिलं.

"दुप्पटही करून पाह्यलं वं," त्या म्हणाल्या. "पण मंग गोष्टच समजत नाही."