हिम्मतरावांचा हात गुरुजी उचलतात

टोपी डोक्यावर घट्ट बसली, कानामागे गार जेल लागलं आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: हात वर करा. सूर्यभान गुरुजींनी अगदी मनापासून तसं मनात आणलं. त्यांचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यांत होता तसाच पडून राहिला. शेजारच्या खुर्चीतल्या हिम्मतरावांचा हात मात्र टुणकन वर गेला.

पाच दिवस हेच चाललं होतं.

यंत्राचं काम तसं सोपं. पक्षाघातानं मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता खचतो. मेंदू हुकूम सोडतो, पण तो वाटेतच अडकतो. ही टोपी तो हुकूम डोक्यावरच पकडते आणि हाताला बांधलेल्या यंत्राला कळवते, मग यंत्र हात उचलतं. शेकडो वेळा असं झालं की मेंदू आणि हात एकमेकांना पुन्हा ओळखू लागतात. हैदराबादेतल्या मलकपेठच्या त्या दवाखान्यात अशा दोन खुर्च्या होत्या आणि प्रियदर्शिनी नावाची तेलुगू फिजिओथेरपिस्ट दोन्ही सांभाळायची. तिनं तारा बदलल्या, टोप्या बदलल्या, दोघांच्या जागाही बदलून पाहिल्या. गुरुजींनी मनात आणलं की हात हिम्मतरावांचाच उठायचा. हिम्मतरावांची टोपी काढून खुंटीला टांगली, तरी उठायचा.

कारण शेवटी गुरुजींनाच उमगलं, आणि त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. गौलीगुड्याच्या मराठी शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं. उत्तर येत असेल त्यांनी हात वर करा, असं ते दिवसातून वीसदा म्हणत आणि वर्गाकडे बघत. त्या छत्तीस वर्षांत स्वतःचा हात त्यांनी एकदाही वर केला नव्हता. आता पडद्यावर अक्षरं दिसली की त्यांचं मन आपोआप वर्गाकडे वळायचं. आणि वर्गात हिम्मतराव एकटेच.

हिम्मतरावांना याचं काही वाटत नव्हतं. त्यांचा हात दिवसेंदिवस सुधारत होता, मुलांनी घरोघर पेढेही वाटले होते. चहा आला की ते गुरुजींकडे वळत.

"गुरुजी, गार होऊन राहिला. जरा मनात आणा ना."

गुरुजी मनात आणत. हिम्मतरावांचा कप ओठाला लागे.

पण दवाखान्याचा नियम होता. सहाव्या दिवसापर्यंत ज्याचा हात यंत्रावर एकदाही उठला नाही, त्याची खुर्ची रांगेतल्या पुढच्या माणसाला. गुरुजींच्या नावापुढे शून्य होतं. त्यांना तो हात हवा होता तो एवढ्याचसाठी, की दर रविवारी विहारात ते वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवत. मुलं घरी मराठी बोलत, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर दखनी. पण मराठी पाटी वाचायची म्हटली की आईकडे बघत. हात गेल्यावर गुरुजींनी डाव्या हातानं फळ्यावर लिहून पाहिलं. मुलं हसली नाहीत. उलट फार सभ्यपणे बसून राहिली, आणि पुढच्या रविवारी चौघंच आली. त्यानंतर वर्ग बंद पडला.

सहाव्या दिवशी मुलगा बुद्धभूषण आणि सून दोघंही कामावर असल्यामुळे चौथीतली नात निशिगंधा त्यांच्यासोबत आली. दुसऱ्या दिवशी तिची तेलुगूची परीक्षा होती. प्रियदर्शिनीनं सकाळभर प्रयत्न केले. हिम्मतरावांचा हात एकोणतीस वेळा उठला. शेवटी ती हळूच म्हणाली, "सर, टेन्शन नक्को," आणि पुढच्या पेशंटला फोन लावायला दाराशी गेली. गुरुजींची टोपी काढणंही तिच्या जिवावर आलं होतं.

निशिगंधाला घरचं वळण होतं: धडा पक्का करायचा तर तो दुसऱ्याला शिकवायचा. ती दवाखान्याच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेली आणि पेन घेऊन शिकवू लागली.

"आजोबा, इकडं देखो. डोकं उघडं ठेवलं की प. झाकलं की व. शेपूट लावली की म. आलं ध्यानात?"

फळ्यावर तीन वाटोळी अक्षरं होती आणि गुरुजींना तिन्ही सारखीच दिसत होती. हैदराबादेत जन्म गेला, पण तेलुगू पाट्यांकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. बस आकड्यावरून कळायची, दुकान वासावरून. नात पाठमोरी होऊन चौथं अक्षर काढू लागली. गुरुजींना दुसरं अक्षरच समजलं नव्हतं. झाकलं म्हणजे नेमकं कुठं झाकलं? हे आत्ताच विचारायला हवं होतं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाणार होतं.

यंत्र घुरघुरलं. गुरुजींचा उजवा हात पट्ट्यांसकट वर आला.

हिम्मतरावांचा हात मांडीवरच होता. त्यांनी एकदा तो पाहिला, एकदा गार होत चाललेला चहा पाहिला.

निशिगंधा वळली. "हात खाली. प्रश्न शेवटी."

गुरुजींनी मुकाट्यानं हात खाली नेला. तोही गेला. पण प्रश्न गेला नव्हता, म्हणून हात पुन्हा वर आला. तिनं डोळे मोठे केले, हात खाली. ती फळ्याकडे वळली, हात वर. दाराशी प्रियदर्शिनी फोन कानाला लावून पडद्यावरचे आकडे मोजत उभी होती. सातव्या उचलीला तिनं फोनवरच्या माणसाला तेलुगूत सांगितलं की आज येऊ नका, खुर्ची रिकामी नाही.

हिम्मतराव एकटक फळ्याकडे बघत होते. आपल्यालाही यातलं काही समजत नाही, हे त्यांच्या नुकतंच लक्षात आलं असावं. त्यांची बोटं मांडीवर हळूच हलली.

निशिगंधानं अक्षरांची पूर्ण ओळ संपवली, पेनाला टोपण लावलं आणि आजोबांकडे बोट केलं.

"हं, आता तुम्ही बोला."

सगळे गुरुजींकडे बघू लागले. हात सरळ वर होता, कानाला लागून. आणि प्रश्न काय होता ते गुरुजींना आठवेना. त्यांना डोकं खाजवावंसं फार वाटलं, पण हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.