कापशी उडत नाही

लेन्सचं झाकण बोटांतून निसटलं, खडकावर टणकन वाजलं, घरंगळत बाभळीच्या बुंध्यापर्यंत गेलं — आणि कापशी उडाली नाही. स्वरूपानं झाकण उचललंच नाही. उंदरांवर जगणारी ही चिमुकली घार, पांढरीशुभ्र, लालभडक डोळ्यांची, दोन हिवाळे तिला झुलवत होती. कॅमेरा डोळ्याला लावला की भुर्र, मागे नुसती विजेची तार हलत राहायची... आणि आज अगदी खालच्या फांदीवर, माहेरी आल्यासारखी निवांत.

वालचंदनगरच्या कॉलनीत काय कमी थट्टा झाली होती — मुलं मार्गी लागली, आता बाईसाहेब कावळे मोजतात! घ्या म्हणावं. बघा. ती एक पाऊल पुढे सरकली. अजून एक. क्लिक... मला ओळखते ही, असं वाटून तिला भरून आलं. इतक्या रविवारांची ओळख, पाखरालाही कळतंच ना कोण आपलं ते.

मागे बांधावर तिचा धाकटा भाऊ गोकुळ मफलर गुंडाळून उभा होता. कळंबची ही जमीन तोच बघायचा.

"ताई, लई जवळ गेलीस की! हालंना सुदिक ती."

"हळू बोल रे."

पण तो हळू बोललाच नव्हता, आणि कापशीनं मानही वळवली नव्हती. स्वरूपानं लेन्स फिरवून तिचा डोळा जवळ आणला. लाल बुबुळावर पातळ पापणी सरकली... तिथंच राहिली, बऱ्याच वेळानं मागे गेली. पिसं फुगलेली — थंडी असेल. चोच किंचित उघडी — ऊन... पण ऊन होतं कुठं अजून?

पायाशी, मक्याच्या सरीत, एक उंदीर पडला होता. पोट वर. पलीकडे दुसरा, अजून पाय झाडत.

"गोकुळ... औषध टाकलंस?"

"परवाच टाकलं की. लई नामी हाय गं! उंदरं झिंगून उघड्यावर येत्यात, पळताबी येत न्हाय त्यास्नी. तू बारामतीतनं आणलंस ते बेस झालं."

तिनंच आणलं होतं. कॅमेऱ्याच्याच पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून — लेन्सला वास लागू नये म्हणून! दुकानदार म्हणाला, जालीम आहे, जपून. आणि ती, अगं बाई, हसून म्हणाली होती, तसलंच द्या. मग? कणसं कुरतडून टाकलेली, भावानं काय उंदरांची पूजा करायची? बरोबरच आहे सगळं.

छे, सुस्तावली असेल. पोट भरलं की बसतातच पक्षी... भरलं, पण कशानं?

गोकुळ जवळ आला. "टाळी वाजवू का? उडतानाचा फोटू मिळंल."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की तो दचकला. कापशी दचकली नाही.

वाजवली आणि उडाली, तर सुटले मी. पण नाही उडाली तर... आजवर दर रविवारी ती मनातल्या मनात विनवायची — बस, अजून जरा बस, उडू नकोस बाई. आता कॅमेरा गळ्यात नुसता लोंबत होता आणि ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, उड गं, उड ना मेले... वाजवू दे त्याला, एकदाचं कळू दे, असं एक मन म्हणत होतं, आणि तिनं मात्र गोकुळचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.