रुजू झाल्याची तारीख

दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ऑफिस म्हणजे धाकटी एकटीच. मालक तिचे मोठे दीर. घरात ती धाकटी सून, कारखान्यात सगळ्यांची वहिनी. हजेरी, पत्रव्यवहार, परदेशी कामगारांचे व्हिसाचे अर्ज, सगळं तिच्याच गळ्यात.

सोमवारी परदेशी वेल्डर तिच्यासमोर येऊन बसला. डावा हात बँडेजमध्ये. आठवड्यापूर्वी पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली होती. व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते आणि नव्या अर्जात कामगार विम्याचा नोंदणी क्रमांक भरायचा होता. तिनं फाईल उघडली. नोंदणीचा फॉर्म भरलेला होता, पण त्यावर मालकाची सही नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी तो रुजू झाला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "राहू दे, बघू पुढच्या महिन्यात." तिनं राहू दिला. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही आणि पुढे तर ती विसरूनच गेली.

"वहिनी, नंबर नाही?" वेल्डरनं विचारलं.

"आहे रे. शोधते," ती म्हणाली.

वेल्डर गेल्यावर भाऊजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "सोपं आहे. आजच रुजू झाला असं लिही. म्हणजे अपघात आपल्याकडचा नाहीच."

"पण व्हिसा आपल्याच नावावर आहे ना? मग चौदा महिने तो काय करत होता म्हणून विचारतील. त्याला परत पाठवतील, भाऊजी."

"पाठवू देत. दुसरा येईल. तू घरची आहेस की त्याची?"

तिनं नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दादाच्या वाटेला जाऊ नकोस. आपलं घर त्याच्या जिवावर चाललंय."

बुधवारी तिनं हजेरीबुक पिशवीत घातलं, वेल्डरला बरोबर घेतलं आणि थेट विमा कार्यालय गाठलं.

"बोटं गेल्यावर नोंदणी आठवली होय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हो. चूक माझीही आहे. फॉर्म माझ्याच फाईलमध्ये पडून होता."

"लेखी द्याल?"

तिनं तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. खाली सही केली. बाहेर आल्यावर तिनं वेल्डरला सगळं सांगितलं. सोमवारी खोटं बोलले, हेही.

तो म्हणाला, "तुम्ही रोज विचारायच्या, जेवलास का? नोंदणी झाली का, हे नाही विचारलं."



त्याची नोंदणी खऱ्या तारखेपासून झाली, उपचार विम्यातून सुरू झाले. कारखान्याला नोटीस आली. व्हिसाला चौकशीपुरती तीन महिन्यांची मुदत मिळाली. पुढचं काय ते सुनावणीत ठरणार होतं. भाऊजींनी ऑफिसच्या किल्ल्या मागून घेतल्या. मोठी जाऊ स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून वावरू लागली. नवरा म्हणाला, "घर फोडलंस."

सुनावणीच्या सकाळी ती चपला घालत असताना नवऱ्यानं पेपरातून डोकं न काढता विचारलं, "कुठे?"

"साक्षीला."

त्यानं अडवलं नाही. वरही पाहिलं नाही. ती दार ओढून घेऊन निघाली.