म्वांझा ते बुकोबा, रस्त्यानं

"पेटी नाही जाणार, इशेंगोमाबाबा," काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली. "विमान छोटं. सामानाचं दारच केवढंसं. तुम्हाला मी काय सांगायचं?"

इशेंगोमाला ते माहीत होतं. म्वांझाच्या विमानतळावर सामान चढवण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही.

आदल्या दिवशी इथल्या इस्पितळात त्याची बायको कोकुतेता गेली. हाया जमातीच्या माणसाला माती मिळावी ती घरच्या केळीच्या बागेत, आणि घर तर सरोवरापलीकडे, बुकोबाजवळ. विमानानं पावणेदोनशे किलोमीटर, पाऊण तासाचं काम. रस्ता मात्र पाण्याला वळसा घालून जायचा. सव्वाचारशे किलोमीटर, आणि तेव्हा तो बराचसा लाल मुरमाचाच होता.

"दर नाताळात गावी जाणारी सगळी वरून उडत जातात," कोकुतेता म्हणायची, "एकदा मलाही बघू दे की सरोवर वरून." तो म्हणायचा, पुढच्या वर्षी.

दार-एस-सलामहून आलेल्या मुजुनीनं, मुलानं, दोन तिकिटं काढली होती. "पेटी माकोये ड्रायव्हरच्या ट्रकनं येईल, बाबा. आपण पुढे जाऊ. खड्डा खणायचाय, माणसं जमतील."

"तू जा."

"आणि तुमची कंबर? त्या रस्त्यानं धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात!"

"तुझ्या आईला गाडी लागते," इशेंगोमा म्हणाला.

मुजुनीनं एक तिकीट परत केलं.

पहाटे ट्रक निघाला. "पुढे या की, बाबा," माकोये म्हणाला. "मागे बसायला तुम्ही काय मक्याचं पोतं आहात?" पण इशेंगोमा मागे पेटीशेजारीच बसला.

बुसिसीला सरोवराचा फाटा ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर तळलेले मासे विकणारी एक बाई ट्रकपाशी आली. पेटी दिसताच तिची आरोळी घशातच राहिली.

"कोण?"

"घरधनीण."

बाईनं टोपली खाली ठेवली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत ती ट्रकला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात वरून विमान गेलं.

"मुजुनीचंच असणार," माकोये म्हणाला. "आपण उतरायच्या आत तो पोचेलसुद्धा."

इशेंगोमानं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "पोरगा चाललाय गं," तो पेटीकडे वळून म्हणाला.

गेटा गावाच्या पुढे मुरूम लागला. पेटी सरकू लागली. इशेंगोमानं पाठ फळीला टेकली, दोन्ही पाय पेटीला लावले. अंगातला कोट काढून धुळीसाठी पेटीवर पांघरला. खड्डा दिसला की म्हणायचा, "आला हं. झालं, झालं." तरुणपणी बसमध्ये ती त्याचा दंड घट्ट धरून बसायची, तेव्हाही तो असंच म्हणायचा. बिहारामुलो गावात माकोयेनं चहा आणून दिला. तो त्यानं पाय न हलवता प्यायला.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. ट्रक बघताच अंगणातल्या बायकांनी हंबरडा फोडला. मुजुनी धावत आला, फाळका उघडला आणि जागीच थबकला. आतला म्हातारा केसांपासून पापण्यांपर्यंत लालभडक झाला होता. मुजुनीनं कोट उचलला. खालचं लाकूड स्वच्छ होतं.

चार माणसं पेटी उचलायला पुढे झाली, पण पेटी हलेना.

"बाबा," मुजुनी वाकून म्हणाला, "पाय काढा. घर आलं."

इशेंगोमानं मान डोलावली. गुडघे मात्र ताठच होते. मुजुनीनं एकेक पाय दोन्ही हातांनी धरून बाजूला केला.