वहीच्या मागच्या बाजूला आठ माणसे होती

मी एक जुने भिंग आहे. पितळेची कड, जैतुनाच्या लाकडाची मूठ आणि काठाला एक टवका. मित्रांनो, माझा जन्म जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातला, पण आयुष्य गेले ते जेरुसलेममध्ये, झेलिग लांड्सहुट या विद्वानांच्या खिशात.

झेलिग जुन्या हिब्रू पोथ्या वाचत. उंदरांनी कुरतडलेल्या चामड्याच्या पानांवरून ते मला दिवसभर फिरवत. हजार वर्षांपूर्वीचा एक लेखनिक एकच ओळ दोनदा लिहून ठेवी. "बघा, आज पुन्हा पोटभर जेवून बसला लेकाचा!" झेलिग हसत. "या भिंगाशिवाय मी आंधळा," असेही म्हणत. मला फार बरे वाटे.

तरुणपणी ब्रेस्लाऊच्या पोथीखोलीत ते आणि त्यांचे मित्र मिळून नऊ जण होते. झेलिग युद्धाआधीच जेरुसलेमला निघाले म्हणून वाचले. बाकीच्या आठांना नाझींनी युद्धात बायकामुलांसकट गाडीत कोंबून नेले. कोणी परतले नाही. कोण पोथीआड लपून खारवलेला मासा खायचा, कोण कोणाशी एका अक्षरावरून आठ वर्षे अबोला धरून होता, हे फक्त झेलिगना ठाऊक.

त्यांची मुलगी युदित पाठ सोडत नसे. "बाबा, लिहून ठेवा. तुमच्यामागे त्यांना कोण ओळखणार?"

"आधी माझे हे लेखनिक तरी उरकू देत."

"ते हजार वर्षं थांबलेत, अजून थांबतील. तुम्ही नाही थांबणार!"

मुलगी फटकळ, पण खरे तेच बोलायची. ऐंशीव्या वर्षी झेलिगनी लिहायला घेतले. कोरा कागद वापरायचा त्यांना जीव होईना. पोथ्यांच्या नकला उतरवलेल्या चार वह्या होत्या, पाने एकाच बाजूने भरलेली. त्यांच्या मागच्या बाजूंवर त्यांनी आठही मित्र लिहून काढले.

त्या हिवाळ्यात झेलिग गेले. सुतकाचे सात दिवस काम करायचे नसते, म्हणून वह्या टेबलावरच राहिल्या. "उठले की पहिलं काम या उतरवून काढायचं," युदित म्हणाली होती. सातव्या सकाळी ती सुतकातून उठली आणि रिवाजाप्रमाणे गल्लीला फेरी मारायला निघाली. तिथून मैत्रिणीने तिला जेवायला ओढून नेले. प्रार्थनाघराचे म्हातारे सेवक झुंडेल घर आवरायला थांबले.

त्यांनी एक वही उघडली आणि मला डोळ्याशी धरले. देवाचे नाव पूर्ण लिहिलेले पान आमच्या ज्यू लोकांत टाकत नाहीत की जाळत नाहीत, माणसासारखे पुरतात. म्हणून साध्या वहीत ते नाव कोणी पूर्ण लिहीतच नाही. झेलिग मात्र नक्कल करताना पोथीत असेल तसेच उतरवत. मी ते नाव ठसठशीत दाखवले. झुंडेलनी पानाला ओठ लावले आणि चारही वह्या पुरायच्या फाटक्या प्रार्थनापुस्तकांच्या पोत्यात ठेवल्या. त्याच दुपारी एका वृद्ध रब्बींचे दफन होते. अशा पुण्यवानाच्या कबरीत जीर्ण पाने ठेवणे हा मोठा मान.

संध्याकाळी युदित परतली. "झुंडेलकाका, वह्या कुठायत?"

"मानानं पुरल्या, पोरी. रब्बींच्या उशाशी. बाबांना बरं वाटेल."

"मागची बाजू पाहिली होती?"

"का गं? मागं काय होतं?"

"माणसं होती, काका."

 दुसऱ्या दिवशी झुंडेल स्वतः रब्बींच्या मुलांच्या पाया पडले. मुलांनी कबर उघडू दिली नाही. कोण देईल?

युदितने नवी वही घेतली. पाच नावे आठवली. सहाव्याच्या जागी तिने 'गाणे छान म्हणायचा' एवढेच लिहिले. पुढच्या दोन जागा कोऱ्या आहेत. झुंडेल अजून दर आठवड्याला येतात आणि दारातूनच विचारतात, "काही आठवलं?"

मित्रांनो, फक्त ते नाव दाखवल्याचा दोष मला आजही खातो. घरातले जुने कागद उचलाल तेव्हा ते उलटून पाहा. आणि म्हातारी माणसे बोलत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. ती गेली की माझ्यासारख्या वस्तू उरतात, आणि आम्हाला समोर धरलेले तेवढेच दिसते.