निळा पंप

प्रेमदासच्या मेडिकलचा काउंटर काचेचा होता. मी त्याचं डोस्कं त्यावरच आपटलं. एकडाव, मंग आनखीन एकडाव. काच फुटली, त्याचा कान फाटला, अन् मले बरं वाटलं. खोटं काऊन बोलू?

"डुप्लिकेट माल इकतो काय बे, साल्या? माही बहीण मरून राह्यली तिकडं!"

दीपमाला, माही धाकटी, दुकानाच्या पायरीवर बसली होती. जिनिंगमंदी कापसाची धूळ खाऊन खाऊन तिले दमा लागला होता. हातात तोच निळा पंप. आंदी दोन डाव मारला का आराम पडे. आज सकाळपासून तीस डाव मारला, तरी ओठ काळेच. मंग दवा नकली नाई तं काय?

ती हातानं नाई, नाई करे. बोलाले दमच नव्हता. मले वाटलं, मारू नको म्हनते. मी प्रेमदासच्या पोटात लात घातली.

"मले मंग हान, भाऊ," तो रक्त थुकत म्हने, "आंदी तिले माह्या गाडीत टाक."

दहा मिनिटं गेली होती तोवर.

गाडी त्यानंच चालवली, एका हातानं कान दाबून. दवाखान्यात डॉक्टरीन बाईनं तिच्या नाकातोंडाले मशीन लावली अन् पंप उलटसुलट करून पाह्यला.

"पंप खरा आहे. श्वासनळीच्या पेशींवर हे औषध धरायच्या जागा असतात. सतत हेच मारत राहिलं की पेशी त्या जागा आत ओढून घेतात. मग कितीही मारा, धरायला कोणी नसतं. म्हणून सूज उतरवणारा दुसरा पंप सोबत देतात. तो कुठे आहे?"

प्रेमदास माह्याकडं पाह्यत होता. त्यानं तो तीनदा देला होता, समजावून. तिन्ही मी उकिरड्यावर फेकले. स्टेरॉइड हाय म्हने, पोरगी फुगते, मंग सोयरीक कुठं जुळन? दीपमाला भांडली, तं तिले झापड देली.

"मी फेकला," मी म्हनलं.

दुपारी दोन वाजता दीपमाला गेली.

आई ऑटोनं आली. तिले मी सारं सांगतलं, काईच लपवलं नाई. तिनं पायातली चप्पल काढली अन् मले हानाले लागली. तोंडावर, डोस्क्यावर, बसन तिथं. गार्ड धावला, तं प्रेमदासनं त्याले अडवलं.

मी हात आडवा केला नाई. आई दमून खाली बसली, चप्पल सुटून पडली. मी ती उचलली अन् परत तिच्या हातात देली.