दोन बोटांत मावेल असं बटण

टक्!

गिटारीचं बटण अर्धं फिरलं आणि शेजारच्या बटणाला जाऊन थडकलं. तुळशीनं दुसरं फिरवलं. तेही थडकलं. सहाच्या सहा बटणं लिंबाएवढी, लालचुटूक, आरशासारखी घासलेली. आणि एकही धड फिरेना.

"झालं! सगळी एकमेकांच्या उरावर बसलीत," तुळशी म्हणाली.

दारात उभा असलेला राजू पोट धरून हसला. उल्हासनगरला त्याचं गिटारदुरुस्तीचं दुकान. जुन्या गिटारींची तार पिळायची प्लास्टिकची बटणं पिचून भुगा होतात. तसल्या गिटारी तो बदलापूरला तुळशीकडे आणून टाकायचा आणि ती जुन्याबरहुकूम नवी बटणं करून द्यायची.

"भाभी, ये गिटार है की लिंबाचं झाड? पहिले मेरा माल दे दो ना."

"तुझा माल उद्या. आज फक्त ह्यांचं."

ह्यांचं म्हणजे नवऱ्याचं, बबनचं. अंबरनाथला एका कारखान्यात तो टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात होता. गेल्या वर्षी प्रेसखाली डाव्या हाताचा अंगठा गेला. गिटार मात्र गेली नाही. चार बोटांनी तारा दाबून तो घरी वाजवायचा. पण तार सुरात लावताना बटण धरायचं कशानं? उजव्या हातानं पिळायला गेला की गिटार मांडीवरून घसरायची. अपघातानंतर तो पहिल्यांदा कीर्तनात साथीला बसला, तर तबलजीनं भर मंडपात त्याची गिटार ओढून घेतली आणि लावून दिली. चांगल्या मनानंच. बबन घरी येऊन म्हणाला, "नवरदेवाला दुसऱ्यानं लहान पोरासारखा घास भरवावा, तसं वाटलं गं." त्यानंतर तो साथीला बसलाच नाही.

कीर्तनात गिटार म्हणजे वरणभातावर सॉस, असं बदलापुरातल्या हेंद्रेपाड्यातले काहीजण म्हणायचे. पण वांगणीचे हिंदुराव बुवा, स्वतः भातशेती करणारे, ते म्हणायचे, "पांडुरंगानं कधी विचारलंय का, बाबा रे, तुझी तार कुठल्या दुकानातली?" आज संध्याकाळी हेंद्रेपाड्यात त्याच बुवांचं कीर्तन होतं. आणि तुळशीनं सकाळी बुवांना फोन करून सांगून टाकलं होतं, की हे साथीला येतायत. ह्यांना न विचारता!

"भाईला माहीत आहे?" राजूनं हळूच विचारलं.

"बटणं झाली की सांगेन."

"आणि नाही झाली तर?"

तुळशीनं एक लाल बटण काढून बाजूला टाकलं. मोठं बटण म्हणजे सोपं बटण, असं तिनं धरलं होतं. सबंध आठवडा त्यात गेला होता. आता बुवांच्या मागची जागा रिकामी राहणार, आणि ह्या वेळी ती तिच्यामुळे सगळ्यांना दिसणार.

आतून कपाटाचा आवाज आला. बबन कपाट उघडत होता. तुळशीनं सहज पाहिलं आणि पाहतच राहिली. चावीचं चपटं डोकं त्यानं डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत, कात्रीत धरावं तसं धरलं होतं. मनगट वळलं, कुलूप उघडलं.

"थांबा! परत लावा!"

"काय?"

"कपाट लावा. आता उघडा. परत लावा!"

"अगं, वेड लागलं का? सदरा काढू दे की. कीर्तन ऐकायला जायचंय ना."

"ऐकायला?" ती हसली. "बसा इथं. बोटं पुढं करा. दोन्ही!"

मग काय विचारता! नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून आणलेली ॲक्रिलिकची पट्टी निघाली. बबननंच पूर्वी मोडक्या पोळपाटाचा एक साचा केला होता. दोन फळ्या, मधे फट, बोल्टनं आवळायच्या. पट्टी फटीत घालायची, बाहेर उरेल ते कानशीनं घासायचं. कानस लाकडाला टेकली की थांबायचं. म्हणजे सगळी बटणं सारखी. वरच्या फळीतल्या भोकातून ड्रिल सरळ खाली जायचं, इकडंतिकडं भरकटायचं नाही. तुळशीनं साचा उलटा केला, फट बारीक करायला आत पत्र्याची पट्टी सरकवली आणि चावीच्या डोक्यासारखं चपटं बटण घासायला घेतलं. दोन्ही अंगांना बोट टेकायला खळगा हवा, म्हणून लाटण्याच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळला.

पहिलं बटण ड्रिलखाली तडकलं.

"पाणी सोड, पाणी!" बबन ओरडला. "तापलं की तडकणारच. आणि दाबतेस काय एवढं? ड्रिल आहे, कणीक नाही."

"मग धरा ना तुम्ही!"

त्यानं साचा तळहाताखाली दाबून धरला. राजू चप्पल काढून आत आला आणि तांब्यानं पाण्याची धार धरून बसला. आपल्या मालाचं तो विसरूनच गेला. ज्यावर बटण बसतं तो गिटारीतला दांडा दोन बाजूंनी चपटा असतो, गोल भोक त्यावर नुसतं गरगरतं. म्हणून जुना दांडा गॅसवर तापवून भोकात घुसवला. चर्र झालं, घरभर वास सुटला, आणि भोकानं दांड्याचा आकार घेतला.

"बैठ गया!" राजू ओरडला.

बटण गिटारीला लागलं. बबननं ते दोन बोटांत धरलं, उजव्या हातानं तार छेडली. सूर खालून वर चढत गेला, अगदी जागेवर जाऊन उभा राहिला.  

"खळगा जरा खोल कर," बबन म्हणाला. "घामानं बोट घसरेल. मंडपात पंखे नसतात."

तुळशीनं तोंड फिरवलं आणि लाटणं उचललं. "बुवांना मी सांगून ठेवलंय," ती पाठमोरीच म्हणाली.

"कळलं मला. सकाळपासून फोनकडं बघून हसतेयस."

संध्याकाळपर्यंत सहाही बटणं गिटारीला लागली. मंडप भरला. बुवांचं कीर्तन रंगत गेलं, टाळ चढले. कथा ऐन भरात आली, बुवांचा आवाज टिपेला पोचला, आणि गिटारीची एक तार उतरली. बबनला कळलं. बुवांनाही कळलं. त्यांनी हात वर करून टाळ थांबवले आणि डोळे मिटून उभे राहिले.

बबननं मान कलती केली. दोन बोटं बटणावर गेली. तार थोडी वर चढली, जास्त झाली, परत खाली आली. तो घाई करत नव्हता. बायकांत बसलेल्या तुळशीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. एवढ्या मोठ्या मंडपात तेवढा एकच सूर जागा शोधत होता. बुवा थांबले होते, टाळकरी थांबले होते, तबलजी हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याच्या मदतीला कुणीही उठलं नाही.